पडद्याला न दिसलेला माणूस

खंडेनवमीला बोईसरच्या एमआयडीसीत यंत्रांचा जो थाट असतो, तो एखाद्या नव्या जावयाचाही नसेल. एरवी वर्षभर जिला शिव्या घालत, प्रसंगी लाथ घालून चालू करायचं, त्याच मशीनला त्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ आणि पेढे. सलोनी राऊत ज्या कारखान्यात कामाला होती तिथे कपड्यांच्या रंगाची पावडर बनायची, आणि तिथलं सगळ्यात लाडकं यंत्र म्हणजे गोण्या रचणारा पिवळा रोबो. एकच लांब हात, त्याला मधे कोपर आणि पुढे गोणी उचलायचा पंजा. कामगार त्याला सोंड म्हणायचे. कंपनीने दिलेलं इंग्रजी नाव फक्त बिलावर होतं.

सोंडेला तीन बाजूंनी लोखंडी जाळीचा पिंजरा होता. चौथी बाजू उघडी, कारण भरलेली थप्पी उचलायला फोर्कलिफ्ट तिथूनच यायची. त्या उघड्या बाजूला दोन काळे खांब होते आणि एका खांबातून दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारे किरण जायचे. त्याला सगळे पडदा म्हणत. माणूस पडद्यातून आत शिरला की किरण तुटायचे आणि सोंड जागच्या जागी थांबायची. मग बाहेर उभं राहून कोणीतरी रीसेटचं निळं बटण दाबेपर्यंत ती हलायची नाही. हलायची नाही म्हणजे नाहीच, मग आत शिरलेला माणूस असो की शेडमधलं मांजर.

हे सगळं ठरवणारं सॉफ्टवेअर सलोनीच्या हातचं होतं. इकडच्याच माहीमच्या वाडीत, पानवेलींत वाढलेली ही मुलगी लॅपटॉप उघडून बसली की स्क्रीनवर चौकोनी ब्लॉकच ब्लॉक दिसायचे आणि एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जाणाऱ्या रेघा. एक ब्लॉक गोणी आली का बघायचा, एक पंजा मिटवायचा, एक वजन तपासायचा. प्रत्येकाला खालून एक रेघ फुटायची, ती बिघाडाची. या सगळ्या रेघा शेवटी एका मोठ्या ब्लॉकमध्ये जायच्या आणि तो ठरवायचा की आता काय करायचं. आत माणूस आहे असं पडद्याकडून कळलं, तर सोंड आपण होऊन काही करायची नाही, फक्त हातातल्या कंट्रोलने, मुंगीच्या चालीने हलायची. आत कोणी नाही असं कळलं, तर रीसेट होताच ती सरळ आपल्या घरच्या जागेवर परतायची आणि पुन्हा कामाला लागायची. ही दुसरी सोय सलोनीने मुद्दाम केली होती. दर फॉल्टला अर्धी पाळी खोळंबायची, ती थांबली. प्रॉडक्शनचे दिग्विजय सर तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे." हुशार माणसाला असं तोंडावर हुशार म्हणू नये, पण ते असो.

सोंड आली तेव्हा सगळ्यात जास्त घाबरला होता तो महादू. तारापूरकडच्या कोळीवाड्यातला माणूस, ऐन उमेदीत बोटीवर होता, मग गुडघे कुरकुरायला लागले तसा कारखान्यात आला आणि पाठीवरून गोण्या वाहू लागला. त्या गोण्या सोंडेने उचलायला घेतल्या आणि महादूच्या हाती झाडू आला. तो पिंजऱ्याच्या आसपासही फिरकायचा नाही. सलोनीने एक दिवस त्याला मनगटाला धरून, सोंड जोरात फिरत असताना, पडद्यातून आत नेलं. महादूने डोळे गच्च मिटले होते. उघडून बघतो तर सोंड गप्प उभी. "बघा काका," ती म्हणाली, "पडदा ओलांडला की ती थांबते. डोळे झाकून या." त्या दिवसापासून महादू खरंच डोळे झाकून जायचा, आणि नव्या माणसांना ऐटीत सांगायचा, "आमची सोंड मानूस वलखते."

त्या खंडेनवमीला मालक चिरागशेठनी मुंबईची दोन बडी गिऱ्हाइकं मुद्दाम पूजेला बोलावली होती. शेठचं एक होतं, देव आणि गिऱ्हाईक दोघांना एकाच तबकात ओवाळायचं. भटजींनी पूजा सांगितली, नारळ फुटला, पिंजऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात, सोंडेच्या कामाच्या वाटेपासून लांब, पाटावर समई ठेवली गेली. आणि उघड्या बाजूचे ते दोन काळे खांब बघून भटजींना दाराची आठवण झाली असावी. त्यांनी झेंडूचं लांबलचक तोरण एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत बांधून टाकलं. दिसायला झकास दिसलं.

शेठनी हिरवं बटण दाबलं. सोंड उठली, अर्धी वळली आणि थांबली. लाल दिवा. सलोनीने निळं बटण दाबलं. पुन्हा उठली, पुन्हा थांबली. शेडमध्ये भिंतीवरचा मोठा पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने तोरण हलत होतं आणि लोंबणारी फुलं किरणांच्या मधे येत होती. गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला. पंखा बंद केला तर त्या पावडरच्या शेडमध्ये पाहुण्यांना शिंका आवरेनात.

दिग्विजय सर तिच्या कानाशी आले. "सलोनी, हे काय चाललंय? पाहुण्यांसमोर लाज काढायची आहे का?"

"सर, तोरण काढावं लागेल."

"आज? शेठ मला काढतील. पूजेचं तोरण आहे, उद्यापर्यंत हलवायचं नाही. तू सॉफ्टवेअरमध्ये बघ ना काहीतरी."

आता इथे ती नाही म्हणू शकली असती. तसं म्हणायची तिची ताकदही होती, कारण पडद्याच्या त्या भागाचा पासवर्ड फक्त तिच्याकडे होता. पण शेठ बघत होते, पाहुणे बघत होते, आणि सर तिला हुशार म्हणाले होते. तिने लॅपटॉप उघडला, पडद्याकडून येणारी रेघ मधेच तोडली आणि तिथे एक छोटा ब्लॉक घातला. किरण क्षणभरच तुटून पुन्हा जुळले, तर ते विसरून जा. बराच वेळ तुटलेले राहिले, तरच थांब. फूल हललं तर क्षणभराचं काम. संध्याकाळी पाहुणे गेले की काढून टाकू, असं तिने मनाशी ठरवलं आणि सरांना सांगितलं. "छान," सर म्हणाले.

सोंड चालू झाली ती थांबलीच नाही. गोणीवर गोणी रचत गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठ फुलले, पेढ्यांचे बॉक्स फिरले. सलोनी पॅनेलपाशी उभी होती आणि तिच्या हातातही एक पेढा होता.

महादू बाटलीतलं तेल घेऊन आला. आतली समई मंदावत होती आणि पूजेची समई विझू द्यायची नाही हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तोरणाला डोकं लागू नये म्हणून तो वाकला आणि नेहमीसारखा, सोंडेकडे न बघता, आत गेला.

सलोनीने त्याला जाताना बघितलं. बघितलं आणि तिला काहीच वाटलं नाही, हे तिला पुढे फार दिवस छळणार होतं. पडदा आहे ना, या सवयीने तिची नजर पुढे सरकलीसुद्धा. मग तिला कळलं की मोटारीचा आवाज थांबलेला नाही. माणूस आत शिरायलाही क्षणभरच लागतो.

"काका!" ती किंचाळली. पेढा हातातून पडला.

महादू आवाजाच्या दिशेने वळला आणि तेच नडलं. रिकाम्या पंजाने परत फिरणाऱ्या सोंडेचं कोपर त्याच्या खांद्यावर आणि छातीवर आलं आणि त्याला ढकलत पिंजऱ्याच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर घेऊन गेलं. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. अडथळा लागला म्हणून सोंड थांबली खरी, पण दाबूनच थांबली. त्याच वेळी इलेक्ट्रिशियन जितेशने झेप टाकून लाल बटणावर हात मारला. पॉवर गेली, सोंडेच्या सांध्यांतले ब्रेक आवळले आणि ती होती तशी गोठली. तिच्या आणि खांबाच्या मधे महादू उभाच होता. पडायलाही जागा नव्हती.

मग एकच कालवा झाला. दोघा-तिघांनी आत धावून सोंड ढकलायचा प्रयत्न केला, ती तसूभर हलेना. कोणी म्हणालं जाळी कापा, कोणी ग्रायंडर आणायला धावला, तर जितेशने त्याला शिवी हासडून थांबवलं. महादू खांबावर चेपला होता, ग्रायंडरचं पातं त्याच्या अंगाला लागल्याशिवाय राहिलं नसतं. ब्रेक हाताने सोडले तर अख्ख्या सोंडेचं वजन महादूवर बसलं असतं. फोर्कलिफ्टने उचलायचं म्हटलं तर मधे अर्धी रचलेली थप्पी होती.

महादूचा चेहरा दिसत होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून बारीक बारीक श्वास जात होता, उथळ, घाईचा.

"जितेश, लाल बटण सोड!" दिग्विजय सर ओरडले. "सोड आणि रीसेट कर, म्हणजे मागे जाईल ती! सलोनी, रीसेट!"

जितेशने लाल बटणावर हात ठेवला. ते फिरवलं की सुटतं. सलोनीने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

"नाही! फिरवू नकोस!"

"अगं मरेल तो!"

"फिरवलंस तर मरेल!" तिचा आवाज फाटला. "ते सुटलं आणि रीसेट झालं की सोंड आपली आपण घरी जाते. जाताना आधी पुढे वळते, मग मागे येते. काका तिच्या वाटेत आहेत."

"पण माणूस आत असेल तर ती आपण होऊन हलत नाही ना? तूच तर शिकवलंस," जितेश म्हणाला.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. शेठ, पाहुणे, सर. सरांना माहीत होतं. त्यांनी नजर चुकवली. सलोनीने न सांगावं, तर जितेश आत्ता बटण फिरवेल.

"तिला काका दिसलेलेच नाहीत," ती म्हणाली, आणि मग पुन्हा, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडली, "तोरणामुळे मशीन थांबत होती म्हणून मघाशी मी पडदा आंधळा केलाय. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने आत कोणी नाही. मी ते आधी काढते. तोपर्यंत त्या बटणाला कोणी हात लावायचा नाही!"

जितेशने हात काढला आणि बटणाकडे पाठ करून उभा राहिला, दुसऱ्या कोणाचा हात पोचू नये म्हणून. सलोनी लॅपटॉपकडे धावली.

पासवर्ड एकदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर बसला. ब्लॉक उघडले, रेघा उघडल्या. तो छोटा ब्लॉक सापडला, पुसून टाकला. फोर्कलिफ्टवाला जाळीला नाक लावून उभा होता, तो ओरडला, "मॅडम, जल्दी करो, चाचा का मुँह नीला पड़ रहा है!"

ती नवीन प्रोग्राम मशीनमध्ये पाठवणार, तेवढ्यात तिचं बोट अडखळलं. का अडखळलं ते तिलाही क्षणभर कळलं नाही. तिने स्क्रीनकडे नीट बघितलं. ब्लॉक गेला होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या रेघा हवेत लोंबकळत होत्या. पडद्याची रेघ कुठेच जात नव्हती आणि मोठ्या ब्लॉकचं पडद्याचं तोंड रिकामं होतं. रिकाम्या तोंडाला ब्लॉक काय समजतो? काही तक्रार नाही, असं समजतो. सगळं ठीक आहे, आत कोणी नाही. मघाशी पडदा आंधळा होता, आता तिने तो मुळापासून उपटला होता. पाठवलं असतं आणि बटण फिरवलं असतं, तर सोंड महादूला घेऊनच वळली असती.

तिने पडद्याची रेघ ओढून थेट मोठ्या ब्लॉकला जोडली. नीट बसली का बघितली. पुन्हा बघितली. मागून दिग्विजय सर "किती वेळ, किती वेळ" करत होते, ते तिला पलीकडच्या शेडमधून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिने प्रोग्राम पाठवला. पट्टी हळूहळू भरत गेली. एवढ्या हळू ती कधी भरली नव्हती.

"झालं?"

"अर्धं. महादूकाका पडदा ओलांडून आत गेलेले आहेत. किरण आता जुळलेले आहेत, म्हणून सोंडेला अजून आत माणूस दिसत नाही. कोणीतरी पडद्यात हात घालून उभं राहायला हवं. सर, तुम्ही या."

"मी?"

"तुम्हीच. जितेश बटणापाशी हवा, मी कंट्रोलवर."

दिग्विजय सर पुढे आले. मघाशी ज्या तोरणाला हात लावायची त्यांची छाती झाली नव्हती, ते त्यांनी एका हिसक्यात तोडून बाजूला फेकलं आणि हात किरणांत घातला. पॅनेलवर लाल दिवा लागला. दिवसभरात पहिल्यांदाच सलोनीला तो दिवा बघून बरं वाटलं.

"चालू झाली आणि माझ्याकडे आली तर?" सरांनी हळू विचारलं.

"तुमच्यापर्यंत ती पोचत नाही, सर. पण हात काढू नका. मी सांगेपर्यंत काही झालं तरी काढू नका."

सोंड हाताने चालवायचा कंट्रोल गळ्यात अडकवून ती जाळीपाशी गेली. महादूच्या आणि तिच्या मधे फक्त जाळी होती. त्याचे डोळे उघडे होते.

"काका, ऐकू येतंय?"

पापण्या हलल्या.

"ब्रेक सुटताना सोंड एकदा जरा खाली बसेल. म्हणजे एकदा दाबेल. जास्त दाबेल. मग मी मागे घेईन. छातीत हवा भरून ठेवू नका, आधी सोडून द्या."

"तू हायस ना?" महादू पुटपुटला. "मंग कर."

तिने जितेशकडे बघितलं आणि मान हलवली. जितेशने लाल बटण फिरवलं. टक् असा आवाज झाला. सोंड हलली नाही. कंट्रोलच्या छोट्या स्क्रीनवर अक्षरं आली, आत माणूस आहे, फक्त हाताने, फक्त हळू. सलोनीने ती अक्षरं दोनदा वाचली, कारण आज तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरला नव्हता.

आता बटण. कोपराचं. अधिक की उणे? हजारदा न बघता दाबलेलं बटण, पण ती नेहमी पॅनेलच्या बाजूने उभी असायची आणि आज जाळीच्या या अंगाला होती. इथून डावं ते उजवं दिसत होतं. तिने डोळे मिटले, स्वतःला मनातल्या मनात पॅनेलपाशी उभं केलं, तिथून बघितलं आणि मग बोट उणेवर ठेवलं.

दाबलं.

ब्रेक सुटले आणि सोंड बसली. महादूच्या तोंडून आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं, सर दचकले, पण त्यांनी हात काढला नाही. सलोनीचं बोट बटणावरून उचललं जायला बघत होतं. उचललं की सोंड थांबणार आणि तशीच दाबून थांबणार. तिने बोट उचललं नाही. एक बोटभर मागे. अजून एक बोटभर. कोपर आणि खांब यांच्यात आधी सदऱ्याची घडी सुटली, मग फट दिसायला लागली, मग महादू जाळीवरून घसरत खाली आला आणि उघड्या बाजूने आत धावलेल्या फोर्कलिफ्टवाल्याने त्याला खाली टेकायच्या आत धरलं.

"लाल!" ती ओरडली. जितेशने लाल बटण पुन्हा मारलं. तेव्हा कुठे तिने बोट सोडलं आणि तिथेच जाळीला धरून खाली बसली. तिला ओकारी आली. पाहुण्यांच्या देखत.

दवाखान्यात फोटो काढले. खांदा मोडला होता, बरगड्यांना चिरा गेल्या होत्या, आत कुठे रक्त साचलेलं नव्हतं. "नशीबवान आहेत," डॉक्टर म्हणाले. महादूची बायको चंद्रकांता बाजारात सुकी मासळी विकायला बसली होती, तशीच उठून आली होती. तिला कोणीतरी वाटेतच सांगितलं होतं की सगळे बटण दाबा दाबा करत होते आणि एका पोरीने दाबू दिलं नाही. आल्यापासून तिने सलोनीचं मनगट जे धरलं होतं ते सोडलं नव्हतं. "तू व्हतीस म्हनून हा मानूस घरी येनार," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सलोनीला ते मनगट तोडून द्यावंसं वाटत होतं.

संध्याकाळच्या आत दिग्विजय सर आले. केळी आणली होती. खाटेशी वाकून ते म्हणाले, "महादू, उद्या चौकशीला सरकारी माणूस येईल. घाबरायचं नाही. जे झालं ते सांगायचं. मशीन चालू होती, कोणी बोलावलं नव्हतं, तू आत गेलास. एवढंच. उपचारांचं सगळं कंपनी बघते." त्यात खोटं असं काही नव्हतं. सर हुशार होते.

"व्हय साहेब," महादू म्हणाला. बोलताना त्याला दुखत होतं. "माजंच चुकलं. सोंडेकडं बघितलंच नाय. एवढी पूजा केली नि मीच घान केली."

सर सलोनीकडे न बघता उभे राहिले. आता फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी राहिली असती, चंद्रकांताचा हात मनगटावर राहिला असता, आणि शेडमध्ये ती जे ओरडली होती त्यावर कोणी शब्द काढला नसता, कारण पाहुणे पाहुणे होते, कामगारांना शेठ बघून घेतील, आणि जितेशला दोन पोरं होती.

"काका, तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "मी तिथे ओरडले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"आयकलं," महादू म्हणाला, आणि एवढ्या दुखण्यात त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "सगलं आयकलं. पडदा तू बंद केलास म्हनून वरडत व्हतीस. मला कललं, पोर माजी चूक आपल्या अंगावर घेते. आसं नको करू. आमी म्हातारे. तुला आजून लय करायचं हाय."

ही गोष्ट सलोनीच्या ध्यानीमनी नव्हती. तो रागावेल, शिव्या देईल, नोकरी घालवेल, सगळं तिने धरलं होतं.

"खोटं नव्हतं काका. खरंच मी बंद केला होता."

दिग्विजय सरांचा फोन वाजला नव्हता, तरी ते तो कानाला लावून बाहेर गेले.

महादूचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. मग तो म्हणाला, "कवा?"

"सकाळी. तोरण हलत होतं म्हणून."

"म्हंजे मी तेलाची बाटली घेऊन आलो, तवा बंदच व्हता."

"हो."

"नि तू तिथंच उबी व्हतीस."

"हो, काका."

खिडकीबाहेर कुठल्याशा कारखान्यातल्या पूजेचे फटाके वाजत होते. महादू छताकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही दिसत नव्हता. तो नुसता ती सकाळ पुन्हा एकदा चालत जात होता, बाटली घेऊन, वाकून, तोरणाखालून.

"मंग मला सांगायचंस ना," तो शेवटी म्हणाला. "महादूकाका, आज पडदा बंद हाय, एवढंच. मी तर तुज्या पुढ्यातनंच गेलो."

सलोनी रडली. रडून काही होणार नव्हतं हे तिला कळत होतं, तरी रडली. चंद्रकांताने तिच्या मनगटावरचा हात काढून घेतला, उठली, आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करू लागली.